अखंड देहाचा हट्ट

प्रिय वसंता,

तुझ्या मुलीने आज माझ्यापुढे प्लास्टिकची एक लहान बाटली ठेवली आणि तीत लघवी भरून मागितली. आदिलाबादच्या शाळेत चौतीस वर्षे मराठी व्याकरण शिकवलेल्या माणसाकडे! मी तिच्यावर संतापलो. तिचे बोलणे ऐकल्यावर संताप तसाच राहिला. फक्त तो तिच्यावरून उतरून माझ्यावर आला. म्हणून हे पत्र.

वैदेही हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मूत्राशयाच्या कर्करोगावर काम करते. ज्याने तुला नेले, त्याच रोगावर. मी विचारले, "तुझ्या अभ्यासाशी माझ्या लघवीचा संबंध काय?"

"मोठे बाबा, रोग्यांचे नमुने हाय आमच्यापाशी. ताडून पाहाले धडधाकट म्हातारे पाह्यजे. तुमच्याहून धडधाकट कोण हाय?"

मग तिने समजावले. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे अत्यंत तोकडे रेणू असतात. प्रथिन तयार करण्यासाठी निघालेले संदेश ते मध्येच अडवतात. मला ते मुद्रितशोधकासारखे वाटले: नको ती ओळ छापली जाण्यापूर्वीच खोडणारे. कर्करोगाच्या पेशीत त्यांपैकी काही घटतात, आणि 'वाढा, वाढा' हा संदेश खोडायला कोणी उरत नाही. दुसरे काही अतोनात वाढतात, आणि 'थांबा' हा संदेशच खोडून टाकतात! त्यांचा माग लघवीतही लागतो; पण कोणते घटले आणि कोणते वाढले, हे पक्के जाणण्यासाठी आधी रोग्याच्या गाठीचा तुकडा लागतो.

गाठीचा तुकडा! वसंता, तोच शब्द!

तुला आठवते ना? तुझी गाठ काढण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, की तपासणीनंतर उरलेला तुकडा संशोधनासाठी द्याल का? तू लगेच सही करायला वाकलास. गुडीहत्नूरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा तुझा हात. नखांत निळा रंग तसाच होता. मी त्या हातातले पेन काढून घेतले. म्हणालो, "आपल्या घराण्यात देह अग्नीला अखंड दिला जातो."

"काऊन, दादा? न्हाव्याले केस देतो, ते काय वापस आणतो का आपण?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसलो नाही. तेव्हा तू मान खाली घातलीस. "बरं. तुमी म्हणता, तर नाई देत."

का ऐकलेस? जन्मभर मी तुझी भाषा सुधारत आलो. अखेरपर्यंत 'आमी-तुमी' सोडले नाहीस. बिडी सोड म्हणून घसा कोरडा केला. तीही सोडली नाहीस. जेथे मला उलट उत्तर द्यायचे होते, तेथेच एवढा आज्ञाधारक कसा झालास?

आज मी वैदेहीला विचारले, "मग त्या तुकड्याचे काय झाले असेल?"

"काय होणार? दवाखान्याच्या कचऱ्यात जाळला असंल."

कचऱ्यात! म्हणजे तो तुझ्या चितेवर आलाच नाही. ज्या अखंडतेसाठी मी तुझे पेन काढून घेतले, तीही मी तुला देऊ शकलो नाही.

"तो दिला असता, तर वसंता वाचला असता?"

"नाई, मोठे बाबा. खोटं काऊन सांगू? खूप लोकांचे तुकडे जमले, की कुठं थोडंसं कळते."

"म्हणजे माझे चुकले नाही?"

"चुकलंच. बाबाले द्यायचं होतं ना."

उभ्या आयुष्यात मी कोणाचे वाक्य दुरुस्त केल्याविना सोडले नाही. या वाक्यात मला दुरुस्ती सापडली नाही. या शास्त्राचा राग येतो. इतके जाणते आणि इतके थोडे करू शकते! पण ते निदान शिकत तरी होते. मी मात्र ज्येष्ठ होतो, म्हणून बरोबर होतो.

बाटली माझ्या शब्दकोशाशेजारी उभी आहे. उद्या सकाळी ती भरून तुझ्या मुलीच्या हाती देईन. हसतोस ना? हस. आणि हे वचन घे: माझ्या देहातून कधी काही काढावे लागले, तर उरलेले सारे संशोधनाला द्यावे, असे मी आज लिहून ठेवले आहे. कोणी वडीलधारा हात पुढे करून माझे पेन मागू लागला, तर मी ते देणार नाही.

जे तू करायला हवे होतेस, ते उशिरा शिकलेला,
तुझा दादा