दोन खुर्च्यांमधली जागा

बोरिवली,
२ नोव्हेंबर २०२५

ती. रुक्मिणीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. नव्या गुडघ्यावर तू विहिरीपर्यंत जातेस, हे शेजारच्यांकडून कळलं. म्हणजे डॉक्टरांचं सोडून बाकी सगळ्यांचं ऐकतेस.

आता तुमच्या गावाचं कौतुक. गावपळणीची तारीख ठरल्याचं तुझ्या लेकाने, सर्वेशने सांगितलं. गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट अख्खा गाव घरांना कुलपं लावून तीन दिवस वेशीबाहेर राहणार आणि देवाने कौल दिला की परतणार. चार वर्षांनी एकदा येणारं हे सुख. तुमच्या घरची रीतही मला पाठ आहे: नवं मूल गावात पहिल्यांदा शिरतं ते गावपळण संपताना, आजीच्या हाताखालून. अनय आणि नेत्रा दीड वर्षांची होत आली. बारशानंतर तुझ्या दृष्टीलाही पडलेली नाहीत. ही गावपळण हुकली तर पुढच्या वेळी ती आजीचा हात धरणार नाहीत, मोबाइल धरतील.

पण जुळ्यांना डिसेंबरच्या थंडीत झावळ्यांच्या खोपीत ठेवायचं म्हटल्यावर तुझ्या सुनेच्या, जान्हवीच्या, कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा सर्वेशच्या डोक्यात आलं की मोटरहोम भाड्याने घ्यावी. म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. गाडी शोधायचं काम मामाकडे आलं. सव्वीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलं आहे, एक गाडी काय जड आहे?

घाटकोपरला पाहूनही आलो. पलंग स्वतः झोपून पाहिले, मोरीचा नळ सोडून पाहिला. दोन्ही बाजूंना मखमली सोफे, एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यासारखे. ठरवून टाकली. तू आता नातवंडांसाठी काय काय करायचं ते ठरव.

तुझा लोभ आहेच. औषधांवरही थोडा असू दे.

तुझा,
निलेश

*

९ नोव्हेंबर

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी नाचणीचे लाडू वळायला बसले. तिसऱ्या दिवशी सर्वेशचा फोन, की गाडी रद्द. का, तर गाडीत पोरांना बांधून बसवायच्या त्या खुर्च्या तिच्यात बसत नाहीत! मेल्या, एवढा मोठा दिवाणखाना आणि दोन खुर्च्या मावत नाहीत?

आपल्या आईने तुला लालबागहून आजोळी नेला तो मांडीवर. घाटात तू तिच्या पदरावर ओकलास, पण पडलास का? सर्वेशलाही मी तसाच वाढवला. जान्हवीला यायचंच नसेल तर तिने तोंडाने सांगावं. खुर्चीच्या आड लपू नये. वेसाव्याची मुलगी, कोळ्यांच्या घरातली, बोलायला घाबरणारी नव्हे ती. म्हणूनच मला जास्त लागलं.

परवा शेजारणी विचारत होत्या, नातवंडं येणार ना गो? मी म्हटलं, बघू. आणि लाडवांच्या डब्याचं झाकण लावलं. गुडघा बरा आहे. पायी मिरवणुकीतून गावात शिरणं मात्र जमायचं नाही, कुणाच्या तरी टेम्पोत पुढे बसावं लागेल. पोरांना मांडीवर घेऊन शिरायचं मनात होतं. असो.

तुझ्या बायकोला, कल्पिताला, आशीर्वाद. तुला अर्धे.

तुझी ताई

*

मुलुंड,
१५ नोव्हेंबर

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मामांना लिहिलेलं पत्र मामांनी मला वाचायला दिलं. तुम्ही रागवाल त्यांच्यावर, पण बरं झालं दिलं. मला मामांसारखं सुंदर लिहिता येत नाही, सरळ लिहिते.

मला यायचंय. तुमच्या मुलापेक्षा मला जास्त यायचंय, कारण त्याने गावपळण लहानपणी पाहिलीय, मी फक्त ऐकलीय.

पण त्या गाडीचे सोफे आडवे होते, बाजूला तोंड करून बसायचे. पट्टा होता तो नुसता कमरेचा. मी खुर्ची त्यावर बांधली आणि एका हाताने ढकलली, तर ती कलंडली. मालक म्हणाला, मॅडम, गावाला जाताना सगळे मांडीवरच घेतात. आई, माझे बाबा वेसाव्याहून टेम्पोने मासळी पाठवतात. खोके दोरीने आवळल्याशिवाय ते गाडी हलू देत नाहीत. एकदा नव्या पोराने एक खोका मोकळाच ठेवला. सिग्नलला ब्रेक लागला आणि तो केबिनला असा आदळला की पत्रा आत गेला. वीस किलो बर्फ-मासळी. माझ्या हातांत ताकद नाही असं नाही, पण असा खोका मी धरू शकले नसते. माझी पोरं मासळीपेक्षा स्वस्त आहेत का?

खुर्च्या पुढे बघणाऱ्या सीटवर लागल्या पाहिजेत, प्रत्येक सीटला खांद्यावरून येणारा पट्टा पाहिजे, बस. एवढं असलेली गाडी मिळाली तर दुसरी काही अट नाही. अंधेरीला दोन पाहिल्या, दोन्हींत सोफेच. पण शोधतोय ना आम्ही. लाडू संपवू नका.

येताना सुका बोंबील आणते. तुमच्याकडचा कसा असतो ते मला माहितीय.

तुमची,
जान्हवी

*

बोरिवली,
२४ नोव्हेंबर

ती. रुक्मिणीताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुनेचं पत्र पोचलं असेल. तुझं पत्र तिला दाखवल्याबद्दल जी शिक्षा असेल ती सांग, पण आधी हे वाच.

चूक माझीच. घर पाहायला गेलो आणि घरच पाहिलं. हे घर ताशी ऐंशीच्या वेगाने पळणार आहे, हे विसरलो. तेव्हापासून जान्हवी मला परीक्षेला बसवल्यासारखी सोबत नेते. ती गाडीत शिरते, पलंगाकडे ढुंकून बघत नाही, थेट सीटखाली हात घालून लोखंडी कड्या चाचपते. ही कला आमच्या शास्त्रांत नाही. कुर्ल्याला एका मालकाने खास आपल्यासाठी सोफ्याला नवा पट्टा शिवून देतो म्हटलं. तिने त्याला विचारलं, काका, शिवणार कशाला, फळीला? त्याने मापाची टेप गुंडाळून खिशात घातली. मी तर त्याआधीच गाडीतून उतरलो होतो.

परवा दहिसरला, चेकनाक्याच्या अलीकडे, एक मिळाली. दिसायला कुरूप. रंग जुन्या लोणच्याचा. मोरी इतकी अरुंद की आत जायचं ते आधी वळून. पण ड्रायव्हरच्या मागे कंपनीची मूळ रांग काढलेलीच नाही: पुढे पाहणाऱ्या तीन सीट्स, तिन्हींना खांद्यावरचे पट्टे, आणि कडेच्या दोन्हींच्या खाली कड्या. घर मागे सुरू होतं. जान्हवीने खुर्च्या कड्यांत अडकवल्या. खटकन आवाज झाला. मग दोन्ही हातांनी हलवल्या. गाडी हलली, खुर्च्या हलल्या नाहीत. ती इतकी हसली की मालकाला वाटलं, काहीतरी मोडलं.

आता मुख्य गोष्ट. खुर्च्या कडेला लागल्या की मधली सीट उरते. ती कुणाची, हे सर्वेशने विचारलं. मी माझं नाव सुचवणार होतो, इतक्यात जान्हवी म्हणाली, आईंची. वेशीवरून गावात शिरताना आई मध्ये बसतील, एक हात अनयवर, एक नेत्रावर. रीतीला आजीचा हात लागतो. मांडीच पाहिजे असं कुठे म्हटलंय? तुमच्या मानकऱ्यांना विचारून घे, पण तिचा युक्तिवाद मला तरी बिनतोड वाटला. शिवाय या खुर्च्यांत पोरं मागे तोंड करून बसतात. तू पुढे बघणार, ती मागे. तुमची नजर बरोबर मध्ये भेटेल.

तू त्या जागेत मावतेस की नाही, हे पाहायला कल्पिताला बसवलं. तुमची अंगकाठी एकच. हे वाक्य तिला कळवू नकोस.

मागच्या पलंगावर पडून मीही येतो म्हटलं, तर चालत्या गाडीत पलंगावर माणूस चालणार नाही असा निकाल मिळाला. तसेही घटक चाचणीचे पेपर तपासायचे आहेत. तेव्हा पत्रातून सगळं सांग, काही गाळू नकोस.

रागातून लोभ वजा करून जे उरेल ते पाठव.

तुझा,
निलेश

*

वेशीबाहेरून,
१० डिसेंबर

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र कसं टाकलं असं विचारशील. पोस्टमनही आमच्याबरोबर बाहेरच आहे. दोन खोपी सोडून त्याची खोप.

पोरं आली. लोणच्याच्या रंगाची गाडी माळावर उभी राहिली आणि सगळा गाव बघायला धावला. सर्वेश उतरला, जान्हवी उतरली, मी गाडीच्या दारापाशी उभी. जान्हवीने पट्टे सोडून आधी नेत्राला माझ्याकडे दिलं. तिने माझा चष्मा ओढला. मग अनय आला, तो रडला. मी म्हटलं रड, बाबा, हक्काने रड. आता रात्री झोपताना तो माझाच पदर मागतो.

मानकरी म्हणाले, आजीचो हात लागलो म्हणजे झाला. मधल्या सीटवर आम्ही सराव केला. गाडी उन्हातून आंब्याच्या सावलीत घ्यायची होती, तेवढ्यासाठीसुद्धा सुनेने मला पट्टा लावला. मी बडबडले, तर म्हणते, आई, खोके आवळल्याशिवाय गाडी हलत नाही. मला खोका म्हणाली ती! आणि मी हसले. तिचे बोंबील चांगले आहेत. आमच्यासारखे नाहीत, पण चांगले आहेत.

आज सकाळी कौल लावला. तीन दिवस झाले, सगळ्यांनी बोचकी बांधली होती. उजवा कौल पडला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. गुरव म्हणाला, देव आज बोलाक तयार नाय. झालं, आणखी एक दिवस बाहेर. गाव कुरकुरतोय, कुणाचं दूध नासलं, कुणाची कामं अडली. सर्वेश गाडीच्या मालकाला फोन करायला टेकडीवर गेलाय.

मी या मधल्या सीटवर बसून लिहितेय. दोन्ही बाजूंना दोघं झोपली आहेत. उद्या परत कौल लावणार आहेत. देवाला सावकाश बोलू दे. मला काही घाई नाही.

पेपर नीट तपास, पोरांना नापास करू नकोस. इकडे सगळी तुझी आठवण काढतात, मीसुद्धा.

तुझी ताई