बुडबुडे नसलेलं पाणी

प्रिय ठोंब्या,

चाळिशीला टेकलेल्या माणसाला या नावाने हाक मारू नये हे मला कळतं, पण कागद पुढे घेतला आणि हात आपोआप तसाच वळला. एका घरात राहायचं, मध्ये एकच भिंत, आणि बापाने मुलाला पत्र लिहायचं, म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. तोंडाने बोलून पाहिलं की नाही मी? मी नुसतं ‘अरे’ म्हटलं की तू ‘काही नाही हो बाबा’ म्हणतोस आणि नळ सोडून भांडी घासायला लागतोस. भांडी इतकी लख्ख झालीत की माझं पडलेलं तोंड मला त्यांत दिसतं. आज शनिवार. तू पाण्याखाली न्यायचा सिलिंडर भरून आणायला गेला आहेस आणि त्या दुकानात नेहमी रांग असते. तेवढ्यात शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारून मी लिहायला बसलो आहे.

कापड खालच्या मजल्यावरच्या बाईंचं. फुलाफुलांचे पडदे हवेत त्यांना, आणि दोन्ही पडद्यांची फुलं एका रेषेत जुळली पाहिजेत म्हणे. पडद्याला चुण्या पडल्यावर रेष बघायला कोण येणार आहे? एरवी मी त्यांना हे ऐकवलं असतं, आज मुकाट्याने हो म्हटलं. सकाळपासून कात्री हातात धरून बसलोय आणि कापायचा धीर होत नाही, कारण डोक्यात एकच घोळतंय की उद्या रविवार आहे आणि तू पुन्हा पाण्यात जाणार.

मला बोटीवर न्यायची कल्पना तुझी नव्हती, सूनबाईची होती. तुझी आई गेली, मी दुकान बंद करून घरात बसलो, आणि एका रविवारी सूनबाईने फर्मान काढलं की आमच्या पिशव्या सांभाळायला कोणीतरी हवंय, चला. पिशव्या कसल्या, तिला मला घराबाहेर काढायचं होतं. पहिल्याच दिवशी मी बोटीच्या कडेवर ओणवा होऊन पोटातलं होतं नव्हतं ते समुद्राला देऊन टाकलं आणि तुम्ही दोघं मेले खुशाल हसत होतात. मग पाठीवर सिलिंडर चढवून तुम्ही पाठमोरे धाडकन पाण्यात पडलात आणि माझी पाचावर धारण बसली. बोटवाल्याला माझी दया आली असावी. त्याने पाण्यावर दोन ठिकाणी येणारे बुडबुडे दाखवले आणि म्हणाला, हे येतायत तोवर त्यांचा श्वास नीट चाललाय, निवांत बसा आजोबा. निवांत कसला बसतोय! तेव्हापासून दर रविवारी मी डोळ्यांत तेल घालून ते बुडबुडे बघत आलो. पुढे पुढे तर मला ते ओळखू यायला लागले. तिचे बारीक आणि घाईचे, तुझे मोठे आणि आळशी. मध्येच खंड पडून पुन्हा यायचे. लहानपणी तू घोरायचास तेही असंच, मध्ये थांबून थांबून. चहाचा थर्मास मांडीत धरून मी तुम्हा दोघांच्या श्वासांकडे बघत बसायचो, आणि खरं सांगतो, तुझी आई गेल्यानंतर मला तेवढाच काय तो विरंगुळा होता.

संध्याकाळी घरी आलो की तू फोटो दाखवायला बसायचास. ती दिवा धरायची, तू कॅमेरा, अशी तुमची वाटणी. खाली गेलं की लाल रंग आधी मरतो, लाल मासासुद्धा काळपट दिसतो, दिव्याचा झोत पडला की मगच त्याचा खरा रंग कळतो, हे तूच मला सांगितलंस. मी म्हटलं, आमच्या धंद्यात वेगळं काय होतं? गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली कापड पसंत करतं आणि उन्हात गेलं की भांडायला परत येतं. त्यावर ती खूप हसली होती. एखाद्या शेवंडाच्या मिशांपायी तू किती वेळ घालवलास यावरून तुमची जुंपायची. मासा दिसला की याला वेळेचं भान राहत नाही बाबा, याला हाताला धरून वर आणावं लागतं, अशी तिची तक्रार. मला ते नवराबायकोचं कौतुक वाटायचं.

मग ती घर सोडून गेली. कोणाचं चुकलं हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. निघताना माझ्याजवळ येऊन उभी राहिली, मशीनला वेळेवर तेल घालत जा म्हणाली, आणि मी मान हलवली. मला तिला थांबवता आलं नाही. तुझ्या खोलीत येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवायचा होता, तोही जमला नाही. आपल्या दोघांची जातच अशी, आतल्या आत कुढणारी.

आणि मग तू ते यंत्र आणलंस. टेबलावर मांडून मला समजावून सांगितलंस, बऱ्याच दिवसांनी इतकं बोललास म्हणून मी कान देऊन ऐकलं. सोडलेला श्वास बाहेर जात नाही, यंत्रात गाळला जातो आणि पुन्हा आत घेता येतो. त्यामुळे बुडबुडे येत नाहीत, मासे बिचकत नाहीत, अगदी काचेला नाक लावतात, आणि माणसाला तासन् तास खाली राहता येतं. मी वा वा म्हटलं. बुडबुडे येत नाहीत म्हणजे माझ्यासाठी काय, हे मला बोटीवर गेल्यावर कळलं. तू पाण्यात शिरलास आणि पाणी मिटलं. पुढे काहीच नाही. तू डावीकडे आहेस की उजवीकडे, श्वास चाललाय की थांबलाय, कशाचा पत्ता नाही. बोटवाला तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. त्याला उठवून विचारलं तर म्हणाला, तुमचा मुलगा या कामात मुरलेला आहे, काळजी करू नका. मी तुला म्हटलं, निदान एक दोरी लावून तरंगता फुगा वर सोड, मला दिसेल तरी. तू म्हणालास, दोरी ओढते, फोटो हलतो. एकट्याने उतरू नये असा तुमच्यात नियम आहे ना, असंही विचारलं. तू हसलास आणि गॉगल लावलास. यापुढे मी काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तुला सांगितलं नाही, पण एक दिवस मी तुमच्या त्या पाण्यात उतरायला शिकवणाऱ्या दुकानात जाऊन आलो. तुझ्याबरोबर खाली यायचं असं मनात होतं. शिकवणारा पोरगा चांगला होता, हसला नाही. पोहता येतं का म्हणाला, मी नाही म्हटलं. रक्तदाब मोजला आणि त्याचाच वाढला असावा असं त्याचं तोंड झालं. शेवटी म्हणाला, आजोबा, काचेच्या तळाची बोट असते, तीत बसून मासे छान दिसतात. मला मासे कुठे बघायचे होते?

तुझा रबरी सूट मी कमरेत आत घेतला, आठवतं? मग पुन्हा घेतला. दुसऱ्यांदा तुझ्या कमरेभोवती टेप धरला तेव्हा मला बोलायला हवं होतं. जन्मभर लोकांची मापं घेतली मी. कापडातला माणूस कमी होत चालला की टेपला कळतं. पण तू खिडकीबाहेर बघत होतास आणि मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, मला गप्प बसायला तेवढं कारण पुरलं.

आता जे लिहायचं ते लिहितो. कॅमेऱ्याच्या काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून उरलेल्या रबरी कापडाची टोपी मीच तुला शिवून दिली, नाडी घातलेली. उतरण्याआधी ती मी चढवतो, नाडीला माझी गाठ मारतो, आणि तू खाली गेल्यावर काढून खिशात ठेवतोस. वर आलास की कॅमेरा गोड्या पाण्याच्या टबात धुवायचं काम माझं. एका रविवारी तू वर आलास, मी कॅमेरा टबात सोडला, आणि टोपी जागेवर होती. विसरून पुन्हा चढवली असेल म्हणून नाडीला हात लावला. ती माझी गाठ होती. शिंप्याची गाठ दुसऱ्या कोणाला तशी मारता येत नाही, तुला तर साधी बुटाची नाडी बांधायला शिकवताना माझ्या नाकी नऊ आले होते. मी मनाची समजूत घातली, मासेच नसतील. पुढच्या रविवारी गाठ जरा वेगळी मारली, मुद्दाम. तीही तशीच वर आली. त्याच्या पुढच्याही रविवारी. इतका वेळ तू खाली होतास आणि एकदाही कॅमेऱ्याचं तोंड उघडलं नव्हतंस. संध्याकाळी मी फोटो दाखव म्हटलं तर आज पाणी गढूळ होतं म्हणालास.

शेवटी मी सूनबाईला फोन केला. रागावू नकोस. परत ये म्हणायला नाही केला, तुझं गाऱ्हाणंही घातलं नाही. फक्त विचारलं की तो खाली काय करायचा. ती म्हणाली, शेवटच्या दिवसांत ती वर चलण्याची खूण करायची आणि तू मान हलवून नको म्हणायचास. वाळूवर गुडघे टेकून नुसता बसून राहायचास. तिला तुझा दंड धरून तुला वर आणावं लागायचं. वर आल्यावर तू सांगायचास की मासा होता. मासा नसायचा, बाबा, असं म्हणाली आणि रडायला लागली. मी इकडे फोन धरून उभा.

म्हणून हे पत्र. एखाद्या रविवारी तू वर येणार नाहीस, अशी मला भीती वाटते. मागच्या वेळी तुला फार उशीर झाला तेव्हा मी बोटीच्या कडेवर पाय टाकून बसलो होतो, उडी मारायचीच असं ठरवून. मग लक्षात आलं की मी बुडालो तरी खाली तुला पत्ता लागायचा नाही. वरून हाक मारून उपयोग नाही, दोरी नाही, मला पोहता येत नाही. तू जमिनीवर असतानाच काय ते बोलता येईल, आणि बोलायला गेलं की तू नळ सोडतोस. तेव्हा उद्या जाऊ नकोस. हुकूम समज नाहीतर भीक समज, मला कशाचीच लाज उरलेली नाही. डॉक्टरकडे जायचं म्हणालास तर मी बरोबर येतो. आत येणार नाही, बाहेरच्या बाकावर बसतो, बसून वाट बघायची मला चांगली सवय झाली आहे. पत्र तुझ्या दाराखालून सरकवतोय. वाचून झालं की बाहेर ये. तू समोर उभा राहिलास की काय बोलायचं ते मला मुळीच सुचणार नाही, तरी ये.

तुझाच,
बाबा