बंद बाटलीचं वजन

३ मार्च १७८६

गोदमेचा तराजू! ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. पॅरिसहून आणलाय, म्हणे केसाचंसुद्धा वजन दाखवतो. आमची बायको पेर्नेतही बघून आली — स्वतःच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान सोडून! "किती हलका हात आहे हो त्यांचा," म्हणाली. अंगाचा तिळपापड झाला. जेवलो नाही. मोहरी लावलेला ससा होता, तरी.

५ मार्च

ईस्टरआधी गावची विद्वत्सभा रसायनाचा अध्यापक नेमणार. त्या खुर्चीची वाट बघण्यात माझा जन्म गेला, आणि आता उमेदवार म्हणून हा गोदमे उपटला! एका बाकावर शिकलो आम्ही. तेव्हाही शाबासकी त्यालाच.

आज त्याने चारचौघांत प्रयोग केला. काचेच्या बाटलीत कथील घातलं, तोंड वितळवून बंद केलं, तापवलं, निववलं. आत कथलाचं भस्म झालं, पण वजन तेवढंच! तोंड फोडल्यावर हवा सूं करत आत शिरली, तेव्हा कुठे वजन वाढलं. म्हणजे जळताना धातूतून काही बाहेर जात नाही. उलट हवाच त्याला चिकटते. मग जळताना बाहेर पडतं म्हणून मी इतकी वर्षं शिकवलेलं अग्नितत्त्व? ते काय हवेत विरलं?

तसं म्हटलं तर हसून म्हणतो, "अरे त्रुसार, वाद कशाला? मोजून बघ की!"

मोजून बघ! वाण्याचा पोरगा समजतो मला. सगळे फिदीफिदी हसले.

९ मार्च

केलं! दोन बाटल्या फुटल्या, भुवया होरपळल्या. तिसरी टिकली. शेगडीवरून काढून सरळ पारड्यात ठेवली — हलकी भरली! अग्नितत्त्व काचेतून निघून गेलं, दुसरं काय! पेर्नेतला उचलून गरकन फिरवलं. आता गोदमेच्या नाकावर टिच्चून सभेत दाखवतो.

१० मार्च

सकाळी सहज तीच बाटली पुन्हा ठेवली. वजन तापवण्याआधी होतं तेवढंच.

तापवली — हलकी. निवली — पूर्ववत. कितीदा केलं तरी तेच. गरम बाटलीभोवतालची हवा वर चढते आणि पारडं उचलते, एवढंच. जळो मेलं ते कथील!

११ मार्च

गोदमेचं बरोबर आहे.

१५ मार्च

उद्या सभा. पेर्नेतने कोट झाडून ठेवलाय. "तुम्हीच जिंकणार बघा," म्हणाली. तिने त्याच्या हाताकडे बघितलं तसं एकदा माझ्याकडे बघावं — बस्स.

१६ मार्च

माझं भाषण होईपर्यंत बाटली ताटातल्या वाळूत ठेवली होती. वाळू गरम होती. पारडं वर गेलं. टाळ्याच टाळ्या!

गोदमे उठला. "पुरती निवली होती ना रे?"

"हो," म्हणालो.

त्याने मान हलवली, तिथल्या तिथे आपलं नाव मागे घेतलं. खुर्ची माझी! पेर्नेत रडली, आनंदाने.

१७ मार्च

सकाळीच गोदमे दुकानात हजर. वाटलं, आला भांडायला. पण डोळे तारवटलेले, हात काजळीने काळे. "अरे, माझी बाटली काही केल्या हलकी भरत नाही. माझंच कुठेतरी चुकतंय. माझ्याकडे चल, शेजारी उभा राहा, आणि कुठे ते दाखव बाबा."

मला टोपी सापडेना. पेर्नेतने आणून दिली.