समोरच्या कौसल्याबाई

६ मे, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

ताप होता म्हणून सदरला क्लिनिकमध्ये कामाला गेले नाही. हे बुटीबोरीला, कंपनीत. दुपारी पडले होते तर समोरच्या फ्लॅटमधून स्टूल आदळल्याचा आवाज आला — मग घुसमटलेली किंकाळी. दीड वर्ष झालं इथे येऊन, समोरच्या म्हाताऱ्या बाईंचं नावही माहीत नव्हतं मला! ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला अन् धावले.

दार उघडंच. कूलरच्या जाळीतली खस बदलायला आलेला माणूस बाईंच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. एका हातानं गळा दाबून राहिला होता, दुसऱ्यानं कानातलं ओढून राहिला होता. कानाची पाळी फाटली, रक्त मानेवर. मी बत्ता त्याच्या डोक्यात घातला.

तो बाजूला कोसळला. भिंतीला टेकला, हात जोडले. "दीदी, छोड दो, गलती हो गई."

मी परत मारलं. परत. तोंडावर. दात फरशीवर पडला.

पहिला फटका बाईंसाठी होता. बाकीचे कशासाठी — ठाऊक नाही.

मग बिल्डिंग जमली. तळमजल्यावरच्या विक्कीनं त्याला केसांना धरून जिन्यावरून खाली फरफटत नेलं. पार्किंगमध्ये पाइप, चपला, लाथा. सेक्रेटरी देवराव ओरडून राहिले होते, "मार गा, मार! पोलीस मंग येतील!" पोलीस आले तेव्हा तो हलत नव्हता. श्वास तेवढा चालू.

७ मे

बाईंचं नाव कौसल्या. कानाला टाके पडलेत, घसा सुजलाय. मुलगी रायपूरला, ती निघाली आहे. मऊ भात भरवला. माझा हात सोडतच नव्हत्या.

९ मे

गेटपाशी माझा सत्कार! शाल, नारळ. वरच्या प्रेमिलाताई म्हणाल्या, "वाघीण आहेस वं तू!" ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही, ते आज घरी बसून चहा पिऊन गेले. सगळ्यांची नावं कळली. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

कौसल्याबाई सत्काराला आल्या नाहीत.

११ मे

तो मेला. दवाखान्यातच.

संध्याकाळी देवरावांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. "तो पळून गेटाबाहेर गेला. रस्त्यावरच्या गर्दीनं मारलं. आपण त्याले सोडवून आत आणलं. सगळ्यायचं बोलणं एकच पाहिजे." विक्की नुसता नखं खात होता. काल फुशारकीची रील टाकणारा विक्की!

मी म्हटलं, "पण पहिला मार तर मीच—"

"काहून बोलून राहिली तू? तुलेच तं वाचवून राहिलो," प्रेमिलाताई.

ह्यांनी माझा दंड दाबला.

मग देवराव म्हणाले, "कौसल्याबाईले तू समजावून सांग. तुह्यं ऐकतील त्या."

१२ मे

गेले. सांगितलं.

कौसल्याबाईंचा आवाज अजून घोगराच. "त्यानं हात जोडले होते वं. म्या पाह्यलं."

"मावशी, त्यानं तुम्हाला मारून टाकलं असतं!"

"हो. तू नसती तं मी मेलीच असती."

एवढंच. ना होकार, ना नकार. मी उठून आले.

१३ मे

ठाण्यात जबाब. रस्त्यावरची गर्दी, रस्त्यावरची गर्दी — सगळ्यांनी तेच. मीही. सही करताना बाकावर एक बाई दिसली, चप्पल हातात घेऊन बसलेली. शिपायाला विचारलं. त्या मेलेल्याची आई. रात्रीच्या गाडीनं आली म्हणे.



१४ मे

कौसल्याबाई सकाळी मुलीला घेऊन ठाण्यात जाऊन आल्या. आल्या त्या सरळ माझ्याकडे.

"सगळं सांगितलं, पोरी. विक्कीचं, देवरावचं. तुह्यं बी. तू मले वाचवलं तेही — अन् मंग काय केलं, तेही."

डोक्यावर हात ठेवला माझ्या. आपल्या घरात गेल्या.

खाली पोलिसांची गाडी लागली आहे. हे म्हणतात, दार उघडू नको. मी खाली चाललेय.