कोंबड्यांच्या सावलीचं झाड

फ्रेस्नो, ३ सप्टेंबर २०१२

ती. डेल्बर्टदादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून पत्र. ज्यूनीला आता दिवसाला वीस-वीस झटके येतात. सात वर्षांची पोर, परवापासून मला आई म्हणायचंही विसरली. चार औषधं झाली, गुण नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी गांजाचं तेल सुचवलं. मी भडकलेच, म्हटलं, तो उद्योग माझ्या भावाचा, लेकीला मी नशा देणार नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, झाड तेच, पण नशा आणणारं द्रव्य वेगळं आणि झटके आवरू शकणारं वेगळं. औषधाला दुसरं भरपूर हवं, पहिलं नावापुरतं, आणि तेही प्रयोगशाळेत तपासून, थेंब मोजून. आयुष्यभर तुला नावं ठेवली आणि आज तुझ्याच दारात उभी आहे. असं झाड आहे का रे तुझ्याकडे?

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी नडीन

हनीड्यू, ९ सप्टेंबर

चि. सौ. नडीन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आम्ही डोंगरातले लोक झाड पारखतो ते ओढून. चढलं तर ठेवायचं, नाही तर उपटायचं. दर वर्षी बियांतून चार-दोन रोपं अशी निघतात की दहा झुरके मारले तरी डोकं जागच्या जागी. त्यांना आम्ही मठ्ठ म्हणतो. मी तर आता पान बघूनच ओळखतो. अकरा वर्षं ती बकऱ्यांना घालतोय. यंदाचीही घातली.

मग आठवलं, शेजारच्या विल्डामावशीने कोंबड्यांना सावली हवी म्हणून जूनमध्ये एक मठ्ठ रोप मागून नेलं होतं. तडक गेलो. खुराड्याच्या वर गेलंय! तिने आधी माझी यथेच्छ फिरकी घेतली, ज्यूनीचं ऐकल्यावर मात्र स्वतःच कात्री आणली. शेंडा तपासायला पाठवलाय.

पोरीला माझा पापा.
दादा

हनीड्यू, २ ऑक्टोबर

चि. सौ. नडीन हिस अनेक आशीर्वाद.

प्रयोगशाळेचा कागद आला. नशेचं द्रव्य शंभरात एक भागही नाही. दुसरं चौदा भाग! माझ्या लाडक्या झाडाचं नेमकं उलटं. दोन्हींची पानं हातात घेऊन बसलो. पात्याचा आकार सोडला तर रंग तोच, वास जवळजवळ तोच. तीस वर्षं या झाडांत काढली, आणि जे सगळ्यात मोलाचं होतं तेच बकऱ्यांना घातलं. खुराड्यापाशी गेलो आणि टोपी काढून उभा राहिलो. विल्डामावशी या वेळी हसली नाही.

फुलं पिकली की तेल करून घेऊन मी स्वतः येतोय. तोवर धीर धर.
दादा

फ्रेस्नो, २१ नोव्हेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तू गेलास आणि दुसऱ्या दिवसापासून थेंब सुरू केले, डॉक्टरीणबाईंनी ठरवले तेवढेच. हे सगळ्याच मुलांना लागू पडत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पहिला आठवडा काहीच फरक नाही. मी मनातल्या मनात तुलाही शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. मग झटके दहावर आले, मग तीनवर. गेले नऊ दिवस एकही नाही. नशा कसली रे, उलट पोरीचे पेंगुळलेले डोळे उघडले! तुझ्या बकऱ्यांना कधी फेफरं आलं नसेल एवढं नक्की.

आज सकाळी मी ओट्याशी पाठमोरी होते. ज्यूनीने मला मागून सांगितलं की आई, टोस्ट जळतोय. दादा, मी तो जळू दिला.

विल्डामावशींना साष्टांग नमस्कार, आणि तुझा लोभ आहे तस्साच राहू दे.
तुझी नडीन