कोळशाचा ठराव आणि नालुमान्सीबाई

मसाका, बुधवार दुपार

ती. आत्यास, दोन्ही हात जोडून नमस्कार.

कशी आहेस, घरचे कसे आहेत, बागेतली केळी कशी आहेत, गुडघा कसा आहे, दुसरा गुडघा कसा आहे? (समोरासमोर असतो तर यातला एकेक प्रश्न आपण एकमेकांना तीनतीनदा विचारून मगच बसलो असतो. कागद अपुरा आहे म्हणून एकदाच विचारतो, राग मानू नकोस.) मी ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण तू फोन हातभर लांब धरून बोलतेस आणि निम्मं गाव ऐकत बसतं. ही गोष्ट गावाने ऐकण्यासारखी नाही, आणि तुझ्यापासून तिसऱ्या घराने तर मुळीच नाही, कारण तिथे आमच्या केंद्राच्या स्वयंपाकीण नालुमान्सीबाई राहतात. त्या सोमवारी काम सोडून घरी आल्या हे तुला कळलंच असेल. का आल्या ते त्यांनी स्वतःच्या पद्धतीने सांगितलं असेल. आता माझ्या पद्धतीने ऐक.

आमचं केंद्र तरुणांना पर्यावरणाचं नेतृत्व शिकवतं. (तू शेजारणींना 'आमच्या सेबुलिबाची झाडांची शाळा' म्हणून सांगतेस, तेच.) तीस मुलंमुली तीन महिने या टेकडीवर राहतात. दलदल कशी राखायची, अधिकाऱ्याला निवेदन कसं द्यायचं, सभा कशी चालवायची हे शिकतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. आमचे संचालक डॉ. वालुसिम्बी म्हणजे भला माणूस, पण त्यांना परिषदांना जाण्याचा नाद आहे आणि प्रत्येक परिषदेतून ते एक नवा नियम घेऊन येतात. यंदाचा नियम असा की सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि एकमत होईपर्यंत कोणीही उठायचं नाही. त्यामुळे आमच्याकडे हल्ली निर्णय मुद्द्याच्या जोरावर होत नाहीत, लघवीच्या जोरावर होतात. (माफ कर, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू.)

तर गेल्या आठवड्यात संचालकांनी मुलांना काम दिलं: पाच किलोमीटरच्या आत हवा सर्वांत जास्त कोण खराब करतं ते शोधा आणि त्याच्याविरुद्ध ठराव करा. त्यांच्या मनात खालच्या रस्त्यावरची विटांची भट्टी होती. तिथल्या मालकाला त्यांनी आधी सांगूनही ठेवलं होतं, की मुलं येतील, जरा अपराधी चेहरा करा. पण या तुकडीत कबालेकडची टुम्वेबाझे नावाची मुलगी आहे. ती कधी ओरडत नाही, नुसती वही काढते. तिने तीन दिवस फिरून मोजमाप केलं. भट्टी महिन्यातून चारच दिवस पेटते असं निघालं. रोज, न चुकता, पहाटेपासून धूर सोडणारी जागा एकच निघाली, ती म्हणजे आमचं स्वयंपाकघर. संचालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मागे हटायची सोय नव्हती, कारण भिंतीवर त्यांच्याच हस्ताक्षरात 'सत्याला घाबरू नका' असं लिहिलेलं आहे.

सभा बसली. चार तास चालली. त्या चार तासांत नालुमान्सीबाई दोनदा चहा घेऊन आल्या आणि दोन्ही वेळा दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. शेवटी ठराव झाला: उद्यापासून स्वयंपाकघरात कोळसा बंद. जेवण उन्हाच्या पेटीत शिजवायचं, आणि लागलंच तर केळीच्या सालींच्या वड्या जाळायच्या. सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या वाजल्या, आणि सगळे धावत बाहेर गेले.

उन्हाच्या पेटीचं सांगायचं तर ती उन्हात चालते आणि मसाक्यात त्यानंतर चार दिवस ढग होते. सकाळी सातला पेटीत ठेवलेलं कच्च्या केळ्यांचं मातोके दुपारी चारला काढलं तर केळी जशीच्या तशी, फक्त रुसलेली. सालींच्या वड्या आमच्याच मुलांनी वर्गात केल्या होत्या. त्या पेटवल्यावर एवढा धूर झाला की संचालकांना 'स्वच्छ हवा' या विषयावरचं व्याख्यान डोळे पुसत पुसत द्यावं लागलं. (पाहुण्यांना वाटलं, केवढी कळकळ.) शनिवार, रविवार आम्ही पाव आणि अवोकाडोवर काढले. मुलांनी त्यावरही सभा बोलावली आणि अन्न समिती नेमली. समितीने पाव आडवा कापावा असं सुचवलं.

सोमवारी सकाळी नालुमान्सीबाई आपला मातोके मळायचा मोठा लाकडी चमचा फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलाशी आल्या. चौदा वर्षांत मी त्यांना कधी एवढं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"सेबुलिबा, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला आधी विचारा, हे तुम्ही कितव्या धड्यात शिकवता रे?"

"तिसऱ्या," मी म्हणालो. (तो धडा मीच लिहिलाय.)

"मला वाटलं, यंदा वगळला असेल," त्या म्हणाल्या, "तीन हंडे एकाच शेगडीवर एकावर एक चढवून मी निम्मा कोळसा वाचवते. दहा वर्षं झाली. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं." आणि खाली जाऊन टॅक्सीत बसल्या.

आता आत्या, माझी अवस्था बघ. येत्या शनिवारी सांगता समारंभ आहे. मुलांचे आईबाप कबालेहून, गुलूहून दोन-दोन दिवस प्रवास करून येणार, तालुक्याचे प्रमुख येणार, एकूण एकशे चाळीस माणसं. संचालक म्हणतात, सँडविच देऊ, त्यातूनही संदेश जातो. ज्या समारंभात पानात वाफवलेलं मातोके नाही तो समारंभ आपल्याकडे कोणी धरतं का? आईबापांच्या हातावर पावाचे तुकडे ठेवले तर पुढच्या वर्षी आपलं पोर इथे कोण धाडेल? पण खरं सांगू, मला जेवणाइतकीच दुसरीही लाज वाटते आहे. ज्या बाईने चौदा वर्षं आम्हाला जेवू घातलं तिला आम्ही दारात उभं ठेवून तिच्याच चुलीचा निकाल लावला, आणि वर टाळ्या वाजवल्या.

तुम्ही दोघी चर्चमध्ये एकाच ओळीत उभ्या राहून गाता. तुझा शब्द त्या मोडणार नाहीत. तेवढं त्यांच्याकडे जाऊन ये, आणि त्या शनिवारी येतील असं कर. घरच्या सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
सेबुलिबा

ता. क. — त्या यायला तयार झाल्या तर त्यांच्याबरोबर दोन पोती कोळसाही पाठव. वरून केळीची पानं नीट पसर. फाटकावर टुम्वेबाझेची देखरेख समिती बसलेली असते.

ता. क. २ — वर मी 'सगळ्यांनी हात वर केले' असं लिहिलंय. पहिला हात माझा होता. नालुमान्सीबाईंनी तुला हे सांगितलं असेल तर मी स्वतःहून कबूल केलं असं समज.

ता. क. ३ — पाकीट चिकटवणार तेवढ्यात टुम्वेबाझे आली, वही घेऊन. मुलांनी माझ्या नकळत तिसरा धडा पुन्हा वाचला, सभा घेतली आणि आज सकाळीच चौघं जण नालुमान्सीबाईंच्या घरी जाऊन माफी मागून आली. (म्हणजे तुझ्या अंगणावरूनच गेली असतील.) बाई शनिवारी येणार आहेत. तीन हंड्यांची रीत त्या सर्वांना दाखवणार आहेत आणि तेवढाच कोळसा वापरायचा, असा नवा ठराव झालाय. तेव्हा पोत्यांवर पानं घालू नकोस, आणि दोन नको, एकच पुरे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, डोळे भरून आले, आणि या वेळी धूर नव्हता. मग तिने पुढचं पान उलटलं. बाई प्रमुख पाहुण्या म्हणून येणार, पहिल्या रांगेत बसणार आणि चमच्याला हात लावणार नाहीत. शनिवारचा स्वयंपाक, ज्यांनी कोळसा बंद करायला हात वर केले त्यांनी करायचा, ज्या क्रमाने केले त्या क्रमाने. तर आत्या, उद्या सकाळच्या टॅक्सीवाल्याजवळ चिठ्ठी दे: एकशे चाळीस माणसांना केळी किती, पाणी किती, पानांचे देठ वर की खाली. आणि मातोके शिजलं हे कशावरून ओळखायचं तेही लिही. मी ते आजवर फक्त खाल्लंय.