दहाव्या गाईची लस

२ एप्रिल, डाळज
आलो एकदाचा! हिंदुराव आणि शकुबाई यांच्या गोठ्यालगतची खोली मिळाली. समोर ऊस, पलीकडे हायवेची घरघर. गोठ्यात दहा संकरित गाई, एकीपेक्षा एक गुबगुबीत. काम सोपं: गोचीडतापाची लस टोचायची, रक्तात प्रतिकारशक्ती किती चढते ते मोजायचं, अहवाल पुण्याला पाठवायचा. शकुबाईंनी खरवस दिला. मी दोनदा मागून खाल्ला, लाज कसली!

६ एप्रिल
नऊ गाईंना लस. दहावीला, म्हणजे बाईंच्या लाडक्या माऊलीला, नुसतं मिठाचं पाणी. तुलनेला एक तरी बिनलशीची हवीच, नाहीतर लशीचा गुण कळणार कसा? खरं सांगितलं असतं तर रडारड. हिलापण टोचली म्हणालो. बाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. भोळी माणसं बरी असतात.

२९ एप्रिल
नऊजणींना दोन दिवस कणकण आली, उतरली. रक्ताचे रिपोर्ट झकास. आज लशीची खरी परीक्षा: दहाहीजणींच्या कानाला कापडी पिशवी बांधून आत रोगट गोचिडं सोडली. सगळ्यांना लस झालीय म्हटल्यावर बाई निर्धास्त. त्या ताप बघतात, सून रेश्मा फळ्यावर लिहिते.

१४ मे
माऊलीला १०६ ताप. खांद्यापुढे गाठी, चारा बंद. बाई माझ्यामागे लागल्या, औषध द्या म्हणून. औषध पेटीत आहे. पण दिलं की सगळी आकडेवारी बोंबलली. उद्या बघू म्हणालो.

१७ मे
माऊली मेली. मी गाठ कापून नमुना घेतला, तेव्हा बाईंनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. आणि रेश्माच्या हाती माझी वही लागली! ‘क्रमांक दहा, लस नाही.’ तिनं मोठ्यानं वाचलं. हिंदुरावांनी माऊलीवर गोणपाट टाकलं. रात्री बाईंनी मला जेवायलाही वाढलं. सुटलो बुवा.

२२ मे
अंथरुणात गोचिडं. उशाखाली माऊलीच्या कानाची कापडी पिशवी, रिकामी. कानामागे तीन. उपटली तर तोंड आतच राहतं. अंग फणफणलंय. हा रोग माणसाला होत नाही. होत नाही!

२४ मे
बगलेत गाठ, लिंबाएवढी. मोबाईल कुठाय? पेटीही नाही. दाराला बाहेरून कडी—

२५ मे
बाई आल्या, ताप बघितला. पाया पडलो, औषध मागितलं. शांतपणे म्हणाल्या, मला खरं सांगितलं असतं तर मी रडले असते, येवढंच की वो डाक्तर. आता रडूबी येत न्हाय.

२७ मे
जेसीबी आलाय. हिंदुराव ड्रायव्हरला सांगतायत, लय मोठा खड्डा नगं. त्यानं विचारलं, मेलं का जनावर? बाई म्हणाल्या, न्हाय अजून, तू तुजं काम उरक.
ओरडलो. जीव खाऊन ओरडलो. ड्रायव्हर म्हणाला, कोणची गाय हंबरतीया वो एवढी—
गाय नाही रे! परत ओरडतो. आता नीट, शब्दांत. अहो, मी—